वीस फूट एक इंच

चष्मेवाल्यांचे दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली होती. रुंदी इतकी बेताची की मध्ये उभे राहून हात पसरले तर दोन्हीकडच्या काचेच्या कपाटांना बोटे लागत. लांबी मात्र भरपूर. एका टोकाला गिऱ्हाइकाची खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि दोहोंमध्ये बरोबर वीस फूट. डोळे तपासायला तेवढे अंतर लागते. खुर्ची सरकू नये म्हणून त्यांनी जमिनीत पितळेची पट्टी ठोकून घेतली होती. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, खुर्चीचे पुढचे पाय त्या पट्टीला टेकले आहेत की नाही हे ते वाकून पाहत. मग कमरेवर हात ठेवून सरळ होत आणि म्हणत, "हं, वाचा. पाठ असेल तर आधीच सांगा, माझ्याकडे दुसरा तक्ता आहे."

वडिलांनंतर हे दुकान त्यांच्याकडे आले आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते तिथे रोज साडेनऊला कुलूप काढत होते. वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. लग्न केले नाही. आई होती तोवर घरात दोन माणसे, ती गेल्यावर एक. खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीशी टीव्ही आणि फळीवर दोन कप, त्यातला एक कायम उपडा. गावात त्यांना ओळखत नाही असे कुणी नव्हते, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांत त्यांनी कधी ना कधी डोकावून पाहिले होते. पण त्यांच्याबद्दल काही सांगा म्हटले तर लोकांना दोन वाक्यांपुढे सांगता आले नसते. मला येते, म्हणून लिहिते आहे.

आमची ओळख बास्केटबॉलच्या मैदानावरची. मी वीस वर्षांची होते, कॉन्व्हेंटमधून नुकतीच बाहेर पडलेली. अक्षर सुवाच्य म्हणून क्लबने मला स्कोअर लिहायला टेबलावर बसवले. क्लबच्या वहीत फक्त पडलेल्या बास्केट लिहायच्या असत. मी मात्र एका वेगळ्या कागदावर चुकलेले बॉलही टिपत असे आणि घरी येऊन सगळे डायरीत उतरवून ठेवत असे. कुणी, कुठून, किती वेळा, पडला की नाही. चुकलेले उत्तर खोडायचे नाही, त्याच्या शेजारी बरोबर लिहायचे, असे सिस्टर म्हणायच्या. ती सवय जडली ती जडली. क्लबच्या वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. माझ्या डायऱ्या आहेत.

मैदान सिमेंटचे होते, मोठमोठ्या चौकोनी लाद्या ओतून केलेले, आणि लाद्यांच्या मधल्या सांध्यांत डांबर भरलेले. कोण कुठून मारतो हे लिहायला मला ते सांधे फार सोयीचे पडले. बास्केटच्या बाजूने पहिला, दुसरा, तिसरा. संघातले बहुतेक सगळे पहिल्या सांध्याच्या आत खेळत. तिथे आमचे हे उभे असत. सहा फूट तीन इंच उंची, संघाचे कप्तान, आणि सगळे त्यांना खांब म्हणत. तेव्हा ते 'आमचे' झाले नव्हते.

चष्मेवाले तिसऱ्या सांध्यावर. शरीराने किरकोळ, चष्मा डोक्यामागून इलॅस्टिकने बांधलेला. बॉल हातात आला की ते पळत त्या सांध्यापाशी यायचे, उजव्या बुटाचे टोक डांबराला टेकवायचे आणि तिथून मारायचे. पुढे नाही, मागे नाही. तेव्हा तिथून दुसरे कुणीच मारत नसे, कारण जवळून टाकला काय, लांबून टाकला काय, गुण दोनच मिळत. हल्लीसारखी तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हती.

"अरे चष्म्या, आत ये!" हे आतून ओरडायचे. "तिथून पडला तरी दोनच मिळतात!"

"आत तू उभा आहेस ना, खांबा. माणसाने यायचं कुठून?"

"मग बॉल मला दे."

"तुला काय, तू तर हात वर करून झोपलास तरी पडतो."

लोक हसायचे. पण चष्मेवाल्यांचा बॉल चुकला की हसणे निराळे असायचे. कठड्यापाशी उभे राहणारे ओरडायचे, "नंबर वाढला वाटतं!" ते चष्मा वर ढकलून परत धावायला लागायचे.

तिथूनच का मारता, असे मी त्यांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, "दुकानात लहानपणापासून तेवढ्याच लांबचं बघत आलोय. जवळ गेलो की रिंग उगाच मोठी वाटते आणि माझं बिघडतं."

मी टेबलावर चार मोसम बसले. चौथ्या मोसमात, उपांत्य सामन्यात, चष्मेवाल्यांनी तिसऱ्या सांध्यावरून नऊ बॉल मारले आणि त्यातले दोन पडले. सामना तीन गुणांनी गेला. पुढच्या मोसमाच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. यादी यांनी केली होती. चष्मेवाल्यांनी संघाची बनियन धुऊन, इस्त्री करून माझ्या टेबलावर आणून ठेवली, "कप्तानाला द्या" म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. चोविसाव्या वर्षी त्यांचा खेळ संपला.

मी घरी यांना एकदाच विचारले, लग्नानंतर. हे म्हणाले, "चांगला माणूस आहे गं. पण बॉल वाया घालवतो." त्यात दुष्टावा नव्हता. तेव्हा सगळेच तसे म्हणाले असते.

पुढची पन्नास वर्षे चष्मेवाले आणि मी दर दोन-तीन वर्षांनी वीस फुटांच्या त्या खोलीत भेटत राहिलो. मला ते वहिनी म्हणत. काचा बदलून देताना दरवेळी विचारत, "खांब कसा आहे?" मी म्हणे, "बरे आहेत." तेवढेच. हे गेले तेव्हा ते घरी आले, दाराजवळच्या खुर्चीत अर्धा तास बसले आणि एक शब्द न बोलता उठून गेले. आलेल्या सगळ्यांत मला त्यांचेच येणे बरे वाटले, कारण काही उत्तर द्यावे लागले नाही.

मधल्या काळात खेळ बदलला. रेषा आखली गेली आणि रेषेबाहेरून मारलेल्या बॉलला तीन गुण मिळू लागले. आधी कुणी फारसे मनावर घेतले नाही. मग हळूहळू जगभरचे खेळाडू बाहेरच उभे राहायला लागले. चष्मेवाले दर रविवारी वरच्या खोलीत टीव्हीवर सामने बघत. एकदा माझ्या कानामागची दांडी वाकवताना ते हळूच म्हणाले, "वहिनी, बघता का हल्ली? सगळे बाहेरून मारतात. उंचातला उंचसुद्धा. खांबाचा ओरडून घसा बसला असता."

"बसलाच असता," मी म्हटले.

"आपण चुकीचे नव्हतो. लवकर जन्मलो, एवढंच."

हे त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितल्याचे मी ऐकले नाही. पण मला दरवेळी सांगत, जवळजवळ त्याच शब्दांत. दुसऱ्या माणसाजवळ नातवंडे असतात, शेती असते, बढतीच्या गोष्टी असतात. चष्मेवाल्यांजवळ हे एक वाक्य होते. रविवारी ते वर जाऊन दोन तास त्याच्या सोबतीत बसत.

गेल्या वर्षी क्लबचा नवा हॉल झाला. लाकडी फरशी, वर दिव्यांच्या रांगा. तिथली कोच एक तरुण मुलगी आहे, गळ्यात शिट्टी, बोलणे भरभर. ती माझ्याकडे आली ती एका कल्पनेने. हॉलच्या एका भिंतीवर जुन्या पाच खेळाडूंचे मोठे फोटो लावायचे होते.

"पण आजी, नुसते जुने हिरो नकोत मला. माझ्या पोरी विचारतात, हे म्हातारे आज उतरले असते तर टिकले असते का? मला तसेच पाच पाहिजेत. आज टिकले असते असे."

"चार कोण ठरले?"

"खांब आजोबा, अर्थात. ते पोस्टमन, धावायला लागले की दिसायचे नाहीत म्हणे. आणि सुतार भाऊ दोघं. पाचवा मिळत नाही."

"चष्मेवाले," मी म्हटले.

"डोळे तपासतात ते? ते खेळायचे?"

मी चार डायऱ्या खाली काढल्या आणि सहा दिवस बसून मोजले. तिसऱ्या सांध्यावरून चष्मेवाल्यांनी चार मोसमांत दोनशे बारा बॉल मारले होते. पडले एकोणनव्वद. कोचने फोनवर हिशेब केला आणि ती खुर्चीतून उठलीच.

"बेचाळीस टक्के! आजी, बेचाळीस टक्के म्हणजे काय माहितीये? आज या माणसासाठी क्लब एकमेकांच्या झिंज्या उपटतील. तिसरा सांधा म्हणजे लांबच ना?"

"लांबच. तिथून दुसरं कुणी मारत नसे."

"झालं तर मग."

इथे मी चुकले. जन्मभर तारखा, वेळा, आकडे टिपून ठेवणारी बाई मी, पण तिसरा सांधा रिंगपासून किती फुटांवर आहे हे कधी लिहिले नव्हते, आणि त्या दिवशीही ते माझ्या मनात आले नाही. कोचच्या मनात यायचे कारण नव्हते. तिने ते मैदान कधी पाहिलेच नव्हते.

जाता जाता तिने विचारले, "आणि खांब आजोबा? आज उंच माणसालाही बाहेर यावं लागतं. त्यांना यायचं लांबून?"

मी पाने उलटली. तिसऱ्या सांध्यावरून अकरा प्रयत्न. एकही नाही.

ती खळखळून हसली. "राहू दे, कप्तान होते." मीही हसले, पण ते मला थोडे लागले.

बातमी द्यायला मी दुकानात गेले तेव्हा चष्मेवाले एका फ्रेमचा बारीक स्क्रू बसवत होते. मी आकडे सांगितले. स्क्रू हातातून पडला. तो शोधायला आम्ही दोघे वाकलो. तो मला सापडला, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

"बेचाळीस?"

"बेचाळीस."

"मला वाटायचं निम्मे तरी पडले असतील," ते म्हणाले. मग चष्म्याच्या काचांच्या एका कागदी पाकिटावर त्यांनी पेन्सिलने बेचाळीस लिहिले आणि ते पाकीट खिशात ठेवले. "खांबाच्या शेजारी लावणार का?"

"एकाच भिंतीवर."

"त्याला आवडेल का?"

"ओरडतील," मी म्हटले. "मग गप्प बसतील."

त्यांच्याकडे बनियनमधला एकच फोटो होता. तोंड अर्धे वळलेले, इलॅस्टिक स्पष्ट दिसत होते. कोचने तो मोठा करून घेतला आणि फोन करून विचारले की खाली काय लिहायचे. चष्मेवाले म्हणाले, "किती फुटांवरून मारायचो ते लिहा."

"अंदाजे किती?"

"अंदाजे? मी अंदाजाने चष्मे देतो का?"

म्हणून बुधवारी, सतरा तारखेला, दुपारी चार वाजता आम्ही दोघे जुन्या मैदानावर गेलो. त्यांनी टेप, दोऱ्याचे रीळ आणि खडू आणला होता. मैदानाला कुलूप नव्हते. टेबलाची जागा गवताने भरली होती. बोर्डाच्या फळ्या गेल्या होत्या, पण लोखंडी चौकटीवरची रिंग गंजून तशीच होती. रिंगच्या मध्याच्या बरोबर खालची जागा धरायची म्हणून त्यांनी दोऱ्याला एक बटण बांधले आणि रिंगवरून आडवे फेकले. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदाही.

"वहिनी, हे टिपू नका."

तिसऱ्यांदा दोरा पलीकडे पडला. त्यांनी तो ताणला आणि मधोमध किल्ल्यांचा जुडगा लोंबता ठेवला. किल्ल्या डोलायच्या थांबेपर्यंत आम्ही दोघे उभे होतो. खाली खडूची खूण केली. मी टेपचे टोक खुणेवर धरून बसले आणि ते मागे मागे गेले. तिसऱ्या सांध्यातले डांबर निघून गेले होते, फट होती, तीत मुंग्या होत्या. त्यांनी बुटाचे टोक फटीला टेकवले, वाकले आणि वाचले.

"वीस फूट एक इंच." त्यांचा चेहरा उजळला. "म्हटलं नव्हतं? दुकानातलंच अंतर. एक इंच उगाच जास्त घेत होतो." ते टेप गुंडाळायला लागले आणि मध्येच थांबले. "आणि हल्लीची रेषा किती फुटांवर असते?"

"माहीत नाही. तेवढीच असेल."

"टीव्हीवर तेवढीच दिसते." थोड्या वेळाने म्हणाले, "मोजू या. दोन्ही आकडे लिहिता येतील."

तेव्हा मी 'उद्या बघू' म्हणाले असते तर? पण मलाही आकडा हवा होता.

नवा हॉल दहा मिनिटांवर. चष्मेवाल्यांनी तिथे कधी पाऊल टाकले नव्हते. आत फरशी पुसणारी बाई एकटीच होती.

"बूट काढा आजोबा. कोचबाई मला खातील."

ते मोज्यांवर चालत आत गेले. फरशी पुसण्याची लांब काठी तिच्याकडून घेऊन आम्ही दोरा वर चढवला, किल्ल्या लोंबवल्या. फरशी नुकतीच पुसलेली असल्याने मी जपून बसले आणि टोक धरले. ते रेषेपर्यंत गेले. वाकले. सरळ झाले. पुन्हा वाकले.

"टोक नीट धरलंय ना?"

"धरलंय."

"तुम्ही इकडे या. मी तिकडे जातो."

आम्ही जागा बदलल्या. मी वाचले. बावीस फूट दोन इंच.

ते रेषेशी येऊन उभे राहिले आणि रिंगकडे बघत राहिले. "लांब आहे," एवढे म्हणाले. मग रेषा ओलांडून दोन फूट आत गेले. तिथे लाकडावर काहीच आखलेले नव्हते. नुसती फरशी. तिथे ते मोज्यांवर उभे राहिले.

"इथे होतो मी."

"आजोबा, तिथे ओलं आहे," बाई म्हणाली.

ती जागा म्हणजे काय, हे आता सांगायला हवे. मी त्या हॉलमध्ये कोचचा सराव पाहिला आहे. एखादी मुलगी रेषेच्या जरा आत उभी राहून मारायला लागली की तिची शिट्टी वाजते. "मागे जा नाहीतर आत घुस! मध्ये कशाला मरतेस? लांबचा लांब आणि गुण दोनच!" हल्लीच्या खेळात याहून वेडगळ जागा नाही. चष्मेवाल्यांनी टीव्हीवर हेच शंभरदा ऐकले होते. त्यांना मी समजावून सांगायची गरज नव्हती.

पायरीवर बसून त्यांनी बूट घातले. ओला मोजा बुटात जाईना.

"म्हणजे खांबाचं बरोबर होतं," ते म्हणाले. "दोनच."

"रेषा असती तर तुम्ही तिच्या मागे उभे राहिला असता."

"आणि बॉल पोहोचला असता?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"तुमच्याकडे असेल लिहिलेलं. चौथ्या सांध्यावरून कधी मारला मी?"

मला आठवत होते, कारण नुकतेच मोजले होते. "तीन वेळा."

"पडला?"

मी नकारार्थी मान हलवली. पोहोचला असता, असे मी आधीच म्हणून मोकळी झाले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता. ते मला विचारत होते ते मी तसे म्हणत नाही म्हणूनच, हेही खरे. या दोन गोष्टींतली कुठली मोठी हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतले आणि कोचकडे जाऊन सांगितले, माझा फोटो लावू नका. तिला आधी गंमत वाटली.

"आजोबा, दोन फुटांचं काय घेऊन बसलात? कोण येतंय मोजायला?"

"आम्ही आलो होतो ना."

"बरं, ऐका. पहिल्यांदा रेषा आली ती जवळ होती. सहा मीटर पंचवीस. नंतर मागे नेली."

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "साडेवीस फूट. पाच इंच कमीच पडतात."

"पाच इंच! आजी, तुम्ही तरी सांगा हो यांना."

"पोरी, मी तक्ता दोन फूट पुढे आणून लावला तर निम्म्या गावाला चष्मा लागणार नाही," ते म्हणाले. "म्हणून काय त्यांना दिसायला लागलं?"

मग मी बोलले. रात्रभर ते माझ्या मनात होते. "मग आमच्या यांचाही फोटो काढ. आज टिकले असते, हीच अट आहे ना? अकरा प्रयत्न, शून्य. ते या अटीत बसत नाहीत."

"आजी, तुम्ही दोघं मिळून माझी भिंत रिकामी करायला निघालाय का?"

"खांब राहू दे," चष्मेवाले म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. "एकशे तेवीस चुकले ना माझे? ते रिंगवरून उसळलेले कुणी उचलले? हात वर करून उभा असायचा म्हणून. त्याला कुठेही उतरवा, तो टिकेल." आणि मग नेहमीच्या आवाजात, "वहिनी, चला."

हॉलच्या उद्घाटनाला मी गेले. यांचा फोटो छान दिसत होता. पाचवी जागा मोकळी वाईट दिसेल म्हणून तिथे सरावाचे वेळापत्रक लावले होते. चष्मेवाले आले नाहीत. मोठा केलेला फोटो कोचने माझ्याजवळ दिला, त्यांना नेऊन द्यायला.

पुढच्या रविवारी तो घेऊन मी त्यांचा जिना चढले. सामन्याची वेळ होती, पण टीव्ही बंद होता. त्यांनी फोटो न उघडता पलंगाखाली सरकवला.

"आज बघत नाही?"

"चालू असेल." मग माझ्याकडे पाहून, "लावा हवं तर."

मी लावला. पोरे बाहेरून मारत होती, बॉल धडाधड पडत होते. ते खिडकीबाहेर बघत होते. पूर्वी यातल्या प्रत्येक बॉलला ते आपला म्हणत असत. मी आवाज कमी केला.

"एकोणनव्वद पडले ते पडलेच," मी म्हटले. "ते काही मी खोडणार नाही."

"खोडू नका."

"लांबून होते ते. तेव्हा दुसऱ्या कुणाला तेवढ्या लांबून येत नव्हतं."

"हो. पण वहिनी, मी पन्नास वर्षं एकच समजून बसलो होतो. ते काढून घेतल्यावर रविवारचं काय करायचं ते सुचत नाही."

यांच्या जाण्यानंतर मलाही पहिले काही महिने रविवारचे काय करायचे ते सुचत नव्हते, पण माझ्या रविवारांतून एक माणूस गेले होते. त्याला नाव असते, लोक भेटायला येतात. त्यांचे जे गेले होते त्यासाठी कुणी दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसणार नव्हते. म्हणून मी सामना संपेपर्यंत बसले. कुणाचे किती गुण झाले ते दोघांनीही पाहिले नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. जिन्याकडे वळणार तोच दिसले की खाली दुकान उघडे आहे. साठ वर्षांत रविवारी ते कुलूप निघाल्याचे मला आठवत नाही. चष्मेवाले स्वच्छ शर्ट घालून टेबलामागे बसले होते. काचा पुसलेल्या, फ्रेमी ओळीने मांडलेल्या, खुर्ची जागेवर.

"आज?" मी विचारले.

"आजपासून. रविवारी उघडं ठेवायचं ठरवलं."

"आलं का कुणी?"

"अजून कुणाला माहीत नाही ना," ते म्हणाले. "कळेल हळूहळू."

मी बाकावर बसले. त्यांनी माझा चष्मा मागून घेतला, दोन्ही काचा कापडाने पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या आणि परत दिला. आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. दोन-तीन जण चालत गेले, पण रविवारी हे दुकान बंद असते अशी सगळ्यांची सवय, कुणी मान वळवली नाही. पाच वाजता मी उठले. तोवर कुणी आले नव्हते.